लेकरांची वाटणी झाली, पण भेटीची तारीख कोण ठरवणार?

आई-बाप दोघेही गेले, किंवा एक गेला आणि दुसऱ्याच्याने घर चालेना, की आपल्याकडे काय होते हे सर्वांना ठाऊक आहे. जलदान विधी आटोपतो, पाहुण्यांची जेवणे होतात आणि मग चुलते, मामा, आत्या, मावश्या एका जागी बसतात. थोरल्याला उदगीरचा मामा नेतो. मधलीला नांदेडची आत्या म्हणते, "माझ्या पोरीबरोबर राहील." धाकटे आजीजवळ राहते, आणि आजीच्याने होत नसेल तर कोणीतरी बालगृहाचे नाव काढते. संध्याकाळच्या एस.टी.ने तीन लेकरे तीन वाटांनी निघून जातात.

नेणारी माणसे वाईट नसतात. स्वतःच्या चार लेकरांत पाचवे ताट वाढणे मजुरी करणाऱ्या घराला सोपे नाही. त्यांना आमचा मनापासून मान आहे. पण त्या बैठकीत एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. ही तिघे एकमेकांना पुन्हा कधी भेटणार? कोण नेणार, कोण आणणार, गाडीभाडे कोण देणार? सगळे म्हणतात, "येतील-जातील की, काय परकी आहेत का?" आणि मग पेरणी येते, लग्नसराई येते, ऊसतोडीची उचल येते, आणि दोन-दोन वर्षे निघून जातात.

याच प्रश्नावर आज आम्हाला वाचकांशी बोलायचे आहे. आमचे म्हणणे थोडके आहे. लेकरे एकत्र ठेवता येत असतील तर एकत्रच ठेवावीत. ते शक्य नसेल, तर ज्या दिवशी त्यांची वाटणी होते त्याच दिवशी त्यांच्या भेटीची तारीख ठरावी आणि ती पाळण्याची जबाबदारी एका माणसाच्या नावावर लागावी.

भावंड हाच उरलेला संसार

आपल्या घरांत आई निंदायला, खुरपायला नाहीतर बांधकामावर जाते. अशा घरात दहा वर्षांची पोर ही धाकट्याची अर्धी आई असते. तीच त्याला खाऊ घालते, अंघोळ घालते, शाळेत सोडते. आई गेल्यावर या दोघांना वेगळे केले, तर धाकट्याची आई दुसऱ्यांदा जाते. आणि त्या पोरीचे काय? ती आत्याकडे दोन वेळ जेवते, शाळेत जाते, पण तिचा जीव लागलेला असतो भावाकडे. त्याला रात्री भीती वाटते, हे तिच्याशिवाय कोणाला माहीत नसते. मग बाई म्हणतात, "हिचे अभ्यासात लक्ष नाही." लक्ष कुठे आहे हे कोणी विचारत नाही.

आणखी एक गोष्ट आहे. आई कशी दिसत होती, बापू कोणते गाणे गुणगुणत होते, आपण कोणत्या घरात राहत होतो, हे फार लहान मुलाला आठवत नाही. ते त्याला थोरले भावंड सांगते. भावंड तुटले की मूल आपल्या घराच्या आठवणीलाच मुकते.

बाबासाहेबांच्या मातोश्री भीमाबाई वारल्या तेव्हा ते अवघे पाच वर्षांच्या आसपास होते. त्यांना आत्या मीराबाईंनी मायेने सांभाळले. थोरले भाऊ आनंदराव आणि भीमराव एका घरात वाढले. पुढे दोघांना शिकवण्याची घरची ऐपत उरली नाही, तेव्हा आनंदराव कामाला लागले आणि भीमरावांचे शिक्षण चालू राहिले. आईविना वाढणाऱ्या लेकराला एक आत्या आणि एक भाऊ किती पुरे पडतात, हे आपल्याला दुसऱ्या कोणी शिकवायला नको.

किल्लारीच्या भूकंपाने काय शिकवले

मराठवाड्याने हा प्रश्न एका रात्रीत हजारो घरांत पाहिला आहे. २९ सप्टेंबर १९९३ रोजी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन करून गावे झोपली आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास जमीन हादरली. लातूर जिल्ह्यातील किल्लारी, तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर, आणि त्यांच्या आसपासची गावे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. जवळपास दहा हजार माणसे मेली. ५२ गावे पुढे नव्या जागी वसवावी लागली.

आई-बाप गमावलेल्या लेकरांसाठी अनेक हात पुढे आले. भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुलांना पुण्यास नेऊन त्यांच्या शिक्षणाची सोय केली. राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी नळदुर्गला 'आपलं घर' उभे केले आणि पन्नालाल सुराणा यांनी त्याचा भार वाहिला. लातूरला एस.ओ.एस. बालग्राम उभे राहिले.

यातील बालग्रामाची पद्धत आमच्या विषयाला धरून आहे. दुसऱ्या महायुद्धात पोरक्या झालेल्या मुलांसाठी १९४९ साली ऑस्ट्रियात पहिले बालग्राम निघाले आणि पुढे ही कल्पना जगभर पसरली. मोठ्या दालनात शंभर खाटा मांडायच्या नाहीत. छोटी छोटी घरे करायची, प्रत्येक घरात एक आई आणि लहानमोठी आठ-दहा मुले. सख्खी भावंडे आली तर ती एकाच घरात ठेवायची, मग एक मुलगा असो, एक मुलगी असो, एक तान्हे असो. संस्था कोणतीही असली तरी तिच्यावर देखरेख हवीच, याबद्दल दुमत नाही. पण भावंडे एकत्र ठेवायची ठरवली तर ठेवता येतात, एवढे या पद्धतीने दाखवून दिले.

संकट मोठे असते तेव्हा मदत करणारा आधी विचारतो, "मुले किती?" जेवण, कपडे, खाटा याच आकड्यावर ठरतात. पण त्याच वेळी दुसरा प्रश्न विचारला पाहिजे, "यात कोण कोणाचे?" भूकंप असो, पूर असो की २०२० आणि २०२१ ची करोनाची साथ असो, पहिल्या दिवशी ही नोंद झाली नाही तर नंतर ती शोधणे फार अवघड जाते.

कायदा काय सांगतो

पुष्कळ लोकांना वाटते की एकदा मूल सरकारी यंत्रणेत गेले की आपले तोंड बंद. तसे नाही. बाल न्याय कायदा, २०१५ मध्ये या विषयावर स्पष्ट लिहिले आहे. कलम ३९ सांगते की मुले संस्थेत ठेवा किंवा कुटुंबात ठेवा, भावंडे एकत्र राहावीत यासाठी सर्व प्रयत्न केले पाहिजेत. कलम ४४ हे दुसऱ्याच्या घरी तात्पुरत्या सांभाळासाठी मूल देण्याबद्दल आहे. तिथेही हीच गोष्ट पुन्हा सांगितली आहे. एकत्र राहणे मुलांच्याच हिताचे नसेल, तेवढाच अपवाद आहे.

मग भावंडे वेगळी कशी होतात? कारण मुलांचे बालगृह वेगळे, मुलींचे वेगळे आणि सहा वर्षांखालील बाळांची संस्था वेगळी. चार वर्षांचे, नऊ वर्षांची आणि तेरा वर्षांचा अशी तीन भावंडे असतील, तर ती तीन ठिकाणी जाऊ शकतात. कोणाच्या मनात वाईट नसते, जागाच तशा ठरलेल्या असतात. म्हणून नातेवाइकांनी तोंड उघडले पाहिजे.

प्रत्येक जिल्ह्यात बालकल्याण समिती असते. तिच्यात एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. मूल कुठे राहील याचा आदेश ही समिती देते. तिच्यापुढे जाल तेव्हा चार गोष्टी सांगा.

पहिली, "या मुलाला इतकी भावंडे आहेत, त्यांची नावे आणि वये ही." दुसरी, "यांना एकाच घरात किंवा निदान एकाच गावात ठेवा." तिसरी, "ते जमत नसेल तर भेट आणि फोन कधी, हे प्रत्येक मुलाच्या संगोपन आराखड्यात लिहा." असा आराखडा प्रत्येक मुलासाठी करावाच लागतो. चौथी, "मुलाला स्वतःला विचारा." मुलाचे म्हणणे ऐकले जावे हे या कायद्याचे मूळ तत्त्व आहे.

तोंडी सांगून थांबू नका, अर्ज लिहून द्या आणि त्याची पोच घ्या. सांभाळ करणाऱ्या घराची दर महिन्याला तपासणी व्हावी असे कलम ४४ म्हणते. तपासणीच्या वेळी "भावाशी बोलणे झाले का?" हा प्रश्न आपण आठवणीने काढावा. मूल दुसऱ्याच्या घरी सांभाळायला देण्याचा आदेश मान्य नसेल तर तीस दिवसांच्या आत जिल्हाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते.

येथे एक इशारा. सांभाळाला देणे आणि दत्तक देणे यांत मोठे अंतर आहे. सांभाळात नाते कायम राहते. दत्तकविधान झाले की कायद्याने जन्मघराशी असलेले नाते संपते. म्हणून कोणत्याही कागदावर सही किंवा अंगठा करण्याआधी तो कशाचा कागद आहे, हे शिकलेल्या माणसाकडून वाचून घ्या. मुलाला भावंडे आहेत हे त्या कागदात नोंदवले आहे का, तेही पाहा.

पैशापायी वाटणी होत असेल तर

खरे सांगायचे तर पुष्कळदा एकच नातेवाईक दोन्ही लेकरे ठेवायला तयार असतो, फक्त खर्च झेपत नाही. अशा घराने बालसंगोपन योजनेची चौकशी जरूर करावी. आता तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव दिले आहे. तिची मदत २०२३ मध्ये दरमहा १,१०० रुपयांवरून २,२५० रुपये झाली. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत हीच मदत दरमहा ४,००० रुपये ठरवली आहे. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी यांच्या कार्यालयात किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षात करायचा. आई-बापांचे मृत्यूचे दाखले, मुलांचे जन्माचे आणि शाळेचे दाखले, आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि बँकेचे पासबुक ही कागदपत्रे आधीच जमवून ठेवावीत. मार्ग कळत नसेल तर १०९८ हा फोन कोणत्याही वेळी आणि फुकट लावता येतो.

पैसा मिळायला वेळ लागेल, खेटे घालावे लागतील. पण दोन भावंडे एका छताखाली राहणार असतील तर हे खेटे वाया जाणार नाहीत. वस्तीतला एखादा शिकलेला तरुण सोबत गेला तर आजीचे निम्मे काम हलके होते.

लेकरे वेगळी राहिलीच तर

समजा काही केल्या एकत्र ठेवणे जमले नाही. एक लातूरला, एक नांदेडला. मग पुढील गोष्टी प्रत्येक घराला जमण्यासारख्या आहेत.

एक माणूस नेमा. सर्वांची जबाबदारी ही कोणाचीच जबाबदारी नसते. मामा, मावशी किंवा विहारातील एखादी ताई, यांपैकी एकाचे नाव ठरवा. भेट घडवून आणणे हे त्याचे काम. तो आजारी पडला तर दुसरे नावही आधीच ठरवून ठेवा.

तारखा ठरवा. "सवड मिळेल तेव्हा" म्हटले की सवड कधीच मिळत नाही. १४ एप्रिलला आपले गाव जमतेच. बुद्धपौर्णिमा आहे, १४ ऑक्टोबर आहे, दिवाळीची आणि उन्हाळ्याची शाळेची सुट्टी आहे. वर्षातून निदान चार भेटी आणि सुट्टीत आठ दिवस एकत्र मुक्काम, एवढे धरून चाला. दोन्ही घरांनी ही तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावी आणि ती मुलांना दाखवावी. "अजून वीस दिवस" म्हणून मोजता आले की मुलाचा धीर टिकतो.

भाड्याचा हिशेब आधी करा. लोहा, अहमदपूर, चाकूर मार्गे नांदेड-लातूर हे अंतर दीडशे किलोमीटरच्या आत आहे. एस.टी.त महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, लहान मुलांना अर्धे तिकीट आहे आणि पंचाहत्तर वर्षांपुढच्या आजी-आजोबांचा प्रवास मोफत आहे. म्हणजे आत्याने भाचीला आणि भाच्याला नेणे पूर्वीइतके महाग राहिलेले नाही. तरीही कमी पडले तर चार नातेवाइकांनी महिन्याला थोडी थोडी रक्कम बाजूला ठेवावी.

फोनचा वार आणि वेळ ठेवा. आज घरोघरी मोबाईल आहे. रविवारी संध्याकाळी सात वाजता दहा मिनिटे दोघांनी एकमेकांना पाहून बोलावे. मोठ्यांनी बाजूला व्हावे. मूल बोलत असताना "काय सांगतोस रे?" म्हणून कान लावून बसू नये. बालगृहात असेल तर फोनची वेळ अधीक्षकांकडून आधी ठरवून घ्यावी.

एक वही करा. तिच्यात आई-वडिलांची पूर्ण नावे, गाव, सर्व भावंडांच्या जन्मतारखा, कोण कुठे आणि कोणाकडे आहे, फोन क्रमांक, शाळेचे नाव, आणि असतील तेवढे फोटो. प्रत्येक भावंडाकडे तिची एक प्रत असावी. मोबाईल हरवतो, नंबर बदलतो, माणसे कामासाठी पुण्या-मुंबईला जातात. वही राहते. वडिलांच्या नावे घर किंवा गुंठाभर जमीन असेल तर तीही वहीत लिहा. मुलगा आणि मुलगी दोघेही वारस आहेत. पांगलेल्या भावंडांचा हक्क बुडायला वेळ लागत नाही.

भेटीनंतर मूल रडते तेव्हा

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पुष्कळ भेटी इथेच बंद पडतात.

भाऊ भेटून गेला की बहीण दोन दिवस जेवत नाही. चिडते, अंथरूण ओले करते, शाळेत जात नाही. सांभाळणारी मावशी घाबरते. तिला वाटते, "बरी रुळली होती, भेटीने पुन्हा सगळे उकरले. नकोच ती भेट." हेतू चांगला असतो, पण निष्कर्ष चुकतो. मूल भेट झाली म्हणून रडत नाही, ताटातूट पुन्हा झाली म्हणून रडते. भेट बंद केली की रडणे थांबते, कारण मूल आशा सोडते. ते रुळले असे आपल्याला वाटते, पण ते आतून मिटलेले असते.

त्यावर उपाय एकच. निरोप घेतानाच पुढच्या भेटीची तारीख सांगा आणि ती पाळा. दोन-तीन वेळा तारीख खरी ठरली की मुलाला विश्वास येतो आणि रडणेही कमी होते. पाळता येणार नसेल तर खोटे वचन देऊ नका. गाडी चुकली, पाऊस आला, कोणी आजारी पडले, तर खरे कारण फोन करून सांगा.

पहिल्या भेटीत भावंडे गळ्यात पडतीलच असे नाही. ती कोपऱ्यात बसतील, खेळण्यावरून भांडतील. थोरली धाकट्याला रागावेल, "तू माझ्याशिवाय कसा राहिलास?" म्हणून. त्यावरून यांचे जमत नाही असे म्हणू नका. सोबत काहीतरी करायला द्या. एकत्र भाकरी खाऊ द्या, गावच्या घराकडे फेरी मारू द्या, वहीतले फोटो पाहू द्या.

दोन बोलणी मात्र कोणाच्याही तोंडून येऊ नयेत. "तुझी बहीण तुला विसरली" आणि "नीट वागला नाहीस तर भावाला भेटवणार नाही." भेट ही बक्षीस नव्हे आणि शिक्षाही नव्हे. एका घरी नवे कपडे, दुसऱ्या घरी जुने, असे झाले तरी मुलांसमोर तुलना करू नये. दोन सांभाळणाऱ्या घरांत मानपानावरून वाद असतील तर ते मोठ्यांनी मोठ्यांत मिटवावेत.

क्वचित एखाद्या ठिकाणी एका भावंडाकडून दुसऱ्याला मार, छळ किंवा त्याहून वाईट झालेले असते. तिथे भेटीची सक्ती करू नये. बालकल्याण समितीला विश्वासात घ्यावे आणि मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीच भेट ठेवावी. मुलाने नकार दिला तर कारण शांतपणे विचारावे.

इतर देशांत काय चालते

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. २००९ साली संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने पोरक्या मुलांच्या सांभाळाची मार्गदर्शक तत्त्वे मंजूर केली. भावंडे वेगळी करू नयेत आणि करावी लागली तर त्यांचा संपर्क टिकवावा, असे त्यांत म्हटले आहे. अमेरिकेत २००८ च्या कायद्याने भावंडांना एकत्र ठेवण्याचा, नाहीतर वरचेवर भेटवण्याचा प्रयत्न करणे तेथील राज्यांवर बंधनकारक केले. तिथेच १९९५ साली लिन प्राइस या बाईंनी एक शिबिर सुरू केले. त्या स्वतः बहिणीपासून दूर वाढल्या होत्या. वेगवेगळ्या घरांत सांभाळल्या जाणाऱ्या भावंडांनी उन्हाळ्यात आठवडाभर एकत्र राहायचे, एकमेकांचे वाढदिवस साजरे करायचे, एवढेच ते शिबिर.

असे शिबिर आपल्याला अवघड आहे का? आपल्याकडे विहार आहे, महिला मंडळ आहे, उन्हाळ्यात श्रामणेर शिबिरे आणि बाल संस्कार वर्ग भरतातच. तालुक्यातील एका विहाराने मे महिन्यात आठ दिवस अशा पाच-दहा भावंडांना एकत्र ठेवले, तर तांदूळ, डाळ आणि सतरंज्या वस्तीतून सहज निघतील. मुलांना मोठे भाषण नको आहे. त्यांना एका ताटात जेवायचे आहे आणि शेजारी शेजारी झोपायचे आहे.

शेवटी पुढचा विचार. मूल अठरा वर्षांचे झाले की बालगृहाचा दरवाजा मागे लागतो. कायद्यात पुढे २१ वर्षांपर्यंत मदतीची सोय आहे, पण मदत म्हणजे घर नव्हे. मामा, आत्या तोवर म्हातारे झालेले असतात. नोकरीच्या अर्जावर पत्ता कोणाचा द्यायचा, लग्न जमवताना पुढे कोणी बसायचे, बाळंतपणाला कोणाकडे जायचे, दवाखान्यात रात्री कोणी थांबायचे, हे सगळे प्रश्न तेव्हा उभे राहतात. त्या दिवशी भाऊ-बहिणीला एकमेकांचा पत्ता माहीत असला पाहिजे, आणि तो पत्ता मागताना संकोच वाटता कामा नये.

आपल्या वस्तीत, आपल्या भावकीत असे एखादे लेकरू असेल तर त्याला या आठवड्यात विचारा, "तुझा भाऊ कुठे आहे? शेवटचा कधी भेटलास?" उत्तर ऐकून कॅलेंडर काढा आणि तारीख लिहा.